गोठ्याचं बेट

खरसुंडीच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून बरीच आत असलेल्या एका वस्तीवर, लम्पीतून उठलेली गाय मी पहिल्यांदा जवळून पाहिली. पांढरीशुभ्र, पायांत चपळ, शिंगं मागं जाऊन धनुष्यासारखी वर वळलेली. लांबून पाहिलं तर खिल्लारचा नमुना म्हणून शाळेच्या पुस्तकात छापावी अशी. जवळ गेल्यावर तिच्या मानेवर, बरगड्यांवर, मागच्या मांडीवर बंद्या रुपयाएवढे करडे चट्टे दिसले. तिथं केस पुन्हा उगवलेच नव्हते. मी मोजायला लागले आणि पस्तिसाच्या पुढं सोडून दिलं.

"हात लाव की पोरी," तिची मालकीण म्हणाली. "आता काय बी न्हाय तिला. आन् माणसाला तवाबी कायच होत न्हवतं. पर लोकं भ्यायली. दूध उकिरड्यावर वतत हुती."

मावशी सत्तरीच्या घरातल्या. गाईच्या वशिंडावर हात ठेवूनच त्या माझ्याशी बोलत होत्या. गायही मान वळवून ऐकत असल्यासारखी उभी होती.

माझे वडील पशुसंवर्धन खात्यात होते. नोकरीची पहिली वर्षं त्यांनी आटपाडीच्या बाजूला सायकलवर काढली. कॅरिअरला बांधलेल्या थर्मासमध्ये बर्फ आणि बर्फात बुळकांडीची लस. ते गेल्यानंतर त्यांच्या ट्रंकेत एक वही सापडली. तिच्यात गावांची नावं एकाखाली एक लिहिलेली: खरसुंडी, नेलकरंजी, करगणी, निंबवडे, झरे, दिघंची, माडगुळे. प्रत्येक नावापुढं आकडा, टोचलेल्या जनावरांचा. दुसरं काही नाही. २०२२च्या पावसाळ्यात टीव्हीवर लम्पीच्या बातम्या लागल्या तेव्हा ते हयात नव्हते. मला मात्र सारखं वाटत राहिलं, की या वहीतल्या गावांतून आता कोण फिरत असेल, बर्फ कोण नेत असेल. त्या वाटण्याच्या मागं निघायला मला वेळ लागला. अखेर एका पौषात, सिद्धनाथाच्या यात्रेला थोडे दिवस असताना, विट्याहून भिवघाटमार्गे आटपाडीकडे जाणारी एसटी धरली.

विट्यापर्यंत उसाची सोबत असते. भिवघाट ओलांडला की माळ सुरू होतो. बाभळ, हिवर, तरवड, मधूनच एखादा निंब, आणि त्याच्या सावलीत गोळा होऊन उभी राहिलेली मेंढरं. सह्याद्रीवर रिकामे होऊन आलेले ढग या मुलखावरून नुसते जातात. माणगंगा नावाची नदी इथून वाहत पुढं भीमेला मिळते, पण वर्षातले पुष्कळ महिने ती वाळूचीच नदी असते. आता टेंभू योजनेतून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून इथवर आणलं आहे. त्यामुळे माळाला हिरवी ठिगळं लागली आहेत. डाळिंबाच्या बागा, मका, हत्तीगवत. मी गेले तेव्हा शाळू हुरड्यात आला होता. एसटीतल्या एका आजोबांनी खिडकीतून बोट दाखवत मला कुठलं शिवार कधी भिजलं ते सांगितलं. लोक लग्नाच्या तारखा सांगतात तसं.

खिल्लार हे या कोरड्या माणदेशानंच घडवलेलं जनावर. जाणकार त्यात प्रकार पाडतात, आणि त्यातल्या एकाचं नावच 'आटपाडी महाल' आहे. आटपाडी हा औंध संस्थानचा महाल. १९४८मध्ये संस्थान विलीन झालं, मग हा भाग दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला, पुढं १९६०मध्ये त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं. सरकारी कागदावरून महाल पुसला गेला. जनावराच्या नावात तो राहिला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. संस्थानाची हद्द आज कुणी दाखवू शकणार नाही, पण महालाचा बैल कसा ओळखायचा ते इथलं शेंबडं पोर सांगतं. लांब निमुळतं तोंड, चिंचोळं कपाळ, शिंगांची ती ओढ, आणि चालताना जमीन टाळत असल्यासारखी टाप.

खिल्लार गाय दुधाला फार नसते. "ही दुधाला न्हवं, नादाला," मावशी म्हणाल्या. खोंड झाला तर घराचं नशीब. त्यातून शर्यती. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बैलगाड्यांच्या शर्यती बंद केल्या आणि माणदेशातल्या कितीतरी दावणींतला खिल्लार विकला गेला; सांभाळायचा कशासाठी, हा प्रश्न होता. डिसेंबर २०२१मध्ये न्यायालयानं अटींवर पुन्हा परवानगी दिली. गावोगाव चाकोऱ्या आखल्या गेल्या, खोंडांचे भाव चढले. मावशींच्या धाकट्या मुलानं त्या उमेदीवर गाय ठेवली होती. तिला एक खोंड झाला होता. त्याचं नाव त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. परवानगीला नऊ महिनेसुद्धा पुरते झाले नव्हते तेवढ्यात लम्पी आला.

गणपती उठले आणि चार दिवसांनी गाईनं वैरण सोडली. डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ, अंग तापलेलं. मावशींना वाटलं, काहीतरी खाल्लं असेल. दुसऱ्या दिवशी मानेवर हात फिरवताना बोटांना बारीक गाठी लागल्या. डोळ्यांना दिसत नव्हत्या, केसांच्या खाली होत्या. "तिसऱ्या दिशी बगावं तर सगळं अंग शेंगांनी भरल्याल्या पोत्यागत." मग पाय सुजले, गळ्याखालची पोळी पाणी भरून लोंबली. गाईला बसता येईना, बसली तर उठता येईना. काही गाठी पिकून फुटल्या आणि तिथं खड्डे पडले. तेच आताचे चट्टे.

बोटांना गाठी लागल्या त्याच दिवशी मुलानं बाकीची जनावरं वरच्या रानात नेली. मावशी खाली एकट्या राहिल्या, गाय आणि खोंडाजवळ. त्या दोघांचं केलं की दुसऱ्या जनावराला हात लावायचा नाही, दुसऱ्याच्या गोठ्यात पाय ठेवायचा नाही, असं डॉक्टर सांगून गेले होते. मुलगा बांधावर भाकरी ठेवायचा आणि हाक मारून लांब व्हायचा. विड्याची पानं, काळी मिरी, मीठ आणि गूळ एकत्र वाटून त्याचे गोळे गाईच्या जिभेवर लावायचे. जखमांना कडुनिंबाचा पाला आणि हळद तेलात कढवून लावायची. तिन्हीसांजेला ओल्या पाल्याचा धूर. डॉक्टर तापाची आणि जखमा चिघळू नयेत म्हणून सुया देऊन जात. विषाणूला मारणारं औषध त्यांच्याजवळ नव्हतं, तसं ते कुणाजवळच नव्हतं. या दुखण्यात जनावराला त्याच्या पायावर उभं ठेवायचं, माश्या बसू द्यायच्या नाहीत, पाणी पाजायचं आणि वाट बघायची. मावशींनी चाळीस दिवस वाट बघितली. गाय उठली. खोंड बाराव्या दिवशी गेला.

"खड्डा पोरानं काढला, जेसीबी बोलावून. चुना टाकला, मीठ टाकलं. मी मातूर लांबनंच बघितलं. जवळ गेले असते तर पुन्हा गाईकडं यायचं कसं?"

वासराच्या नुकसानभरपाईचे सोळा हजार पुढं खात्यात जमा झाले. सरकारनं दुधाळ गाईला तीस, बैलाला पंचवीस, वासराला सोळा हजार असे आकडे ठरवले होते. त्या पैशांचं काय केलं, हे मावशींनी आपणहून सांगितलं: यात्रेला नाथबाबाच्या पायरीवर थोडे ठेवले, बाकीच्यातून गोठ्याला जाळी मारली. हिरवी बारीक जाळी, चारी बाजूंनी. ती मी पाहिली. एका कोपऱ्यात फाटलेली जागा त्यांनी साडीच्या तुकड्यानं शिवली होती.

लम्पी हे नाव नवं, आजारही इकडं नवाच. १९२९मध्ये आफ्रिकेतल्या झांबियात तो प्रथम नोंदला गेला. कित्येक दशकं त्या खंडातच राहिला. मग पश्चिम आशिया, मग पुढं. भारतात तो २०१९मध्ये ओडिशात दिसला, महाराष्ट्रात २०२०मध्ये गडचिरोलीच्या बाजूनं शिरला. तेव्हा फार कुणाचं लक्ष गेलं नाही. माणसांचाच करोना चालू होता. २०२२मध्ये गुजरात-राजस्थानात गाईंचे ढीग पडले आणि ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून राज्यात नव्यानं साथ सुरू झाली. सप्टेंबरात सरकारनं २००९च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोगांच्या कायद्याखाली सारं राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलं. जनावरांचे बाजार बंद, जत्रा बंद, शर्यती बंद, प्रदर्शनं बंद, गुरांची वाहतूक बंद.

हा विषाणू देवीच्या कुळातला. तो प्रामुख्यानं चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांच्या तोंडाला लागून जातो. माशी आजारी जनावराचं रक्त पिते, हुसकावली की उडते, शेजारच्या जनावराला चावते. सुई एकीच्या अंगातून काढून दुसरीला टोचावी, तितकंच. माशीला स्वतःला त्यातलं काही होत नाही. पण माशी उडून उडून किती उडणार? एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात, फार तर एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर. जळगाव ते आटपाडी हे अंतर तिचं नव्हे. ते अंतर टेम्पोत चढलेलं जनावर कापतं. ज्याच्या अंगात विषाणू शिरला आहे, पण गाठी अजून उठलेल्या नाहीत, असं जनावर. दिसण्यात ते उत्तम असतं. बाजारात त्याला भाव येतो.

इथं माणदेशाची अडचण वेगळी आहे. या मुलखाचं सगळं जगणंच जनावरानं चालण्यावर उभं आहे. पाऊस नसला की धनगर मेंढरं घेऊन कोकणाच्या तोंडापर्यंत उतरतो. दुष्काळ वाढला की चारा छावण्या पडतात आणि दहा गावांची जनावरं एका माळावर महिनोन्‌महिने दावणीला राहतात. खरसुंडीची पौषातली यात्रा म्हणजे खिल्लारचा मोठा बाजार. वळू कुठला, खोंड कुणाचा, पुढच्या पिढीचं रक्त कुठून आणायचं, हे तिथं ठरतं. ज्या वाटांनी खिल्लार टिकला त्याच वाटा रोगाच्याही झाल्या. म्हणून २०२२मध्ये त्या सगळ्या तोडाव्या लागल्या आणि प्रत्येक गोठा एकेक बेट झाला. मावशी चाळीस दिवस ज्या बेटावर होत्या, तिथून शेजारणीच्या चुलीचा धूर दिसत होता.

शनिवारी आटपाडीच्या बाजारात गेले. हा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार. पहाटेपासून टेम्पो लागतात. पटके, घोंगडी, मेंढरांच्या पाठीवर रंगाचे ठिपके, आणि अंगरख्याच्या आत हात घालून बोटांनी ठरवलेले भाव. जतकडचे माडग्याळ मेंढे इथं आणतात. पोपटाच्या चोचीसारखं वाकडं नाक आणि तांबडे ठिपके, त्यावरून ते लगेच ओळखू येतात. २०२०च्या सुमारास अशाच एका मेंढ्याला इथं सत्तर लाखांची मागणी झाली आणि मालकानं ती नाकारली, ही बातमी देशभर गेली होती. मला दाखवायला कुणीतरी त्याच वंशातलं म्हणून एक कोकरू आणलं. खरं-खोटं करण्याचं मला कारण नव्हतं. ते फार देखणं होतं.

बाजाराच्या कडेला चहाच्या टपरीवर एक निवृत्त पशुवैद्य भेटले. वडिलांच्या वहीतली नावं मी वाचून दाखवल्यावर त्यांनी चहा बाजूला ठेवला. २०२२मध्ये ते नोकरीत होते. त्यांच्याजवळ पाच-सहा धनगर बसले होते, आणि मग जी गोष्ट झाली ती त्या सगळ्यांसमोर झाली.

लम्पी आला तेव्हा लम्पीची म्हणून स्वतंत्र लस बाजारात नव्हती. हिसार आणि इज्जतनगरच्या संस्थांनी मिळून बनवलेली लस त्याच ऑगस्टमध्ये जाहीर झाली होती, पण गावात पोचायला वेळ लागणार होता. मग टोचलं काय? शेळ्यांच्या देवीची लस. मेंढीची देवी, शेळीची देवी आणि गाईचा लम्पी हे तीन विषाणू सख्खे भाऊ. एकाशी ओळख झालेलं रक्त दुसऱ्याला ओळखतं. त्यामुळे शेळीसाठी केलेली लस गाईला लागू पडते. २०१९च्या पशुगणनेप्रमाणे राज्यात गाय-बैल सुमारे १ कोटी ४० लाख. एवढ्यांसाठी राज्याच्या कानाकोपऱ्यांत लशीच्या पेट्या निघाल्या. एक मिलिलिटर, मानेच्या कातडीखाली. अंगात जोर यायला साधारण तीन आठवडे.

"म्हंजी," एक म्हातारा धनगर सावकाश म्हणाला, "खिल्लार वाचलं ते आमच्या शेळीच्या औषधावर?"

"तसंच म्हणायचं, आबा."

आबांनी डोक्यावरचा पटका सारखा केला. बाजूच्या तरण्याला कोपरानं ढोसलं. "ऐकलंस का. आन् बागायतदार म्हणत्यात, शेळी रान खाती."

मला वडिलांचं एक बोलणं आठवलं. ते टोचायचे ती बुळकांडीची लस त्यांच्या काळापर्यंत प्रयोगशाळेतल्या पेशींवर वाढवलेली झाली होती. पण ते सांगायचे, की तिच्या आधीची लस शेळीतून आली होती. बुळकांडी म्हणजे गाई-म्हशींची महामारी. गोठेच्या गोठे रिकामे करणारी. ब्रिटिश सरकारनं जनावरांच्या रोगांसाठी पहिली प्रयोगशाळा काढली ती १८८९मध्ये आपल्या पुण्यात, आणि १८९३मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला नेली. तिथं १९२०च्या दशकात एडवर्ड्स नावाच्या शास्त्रज्ञानं बुळकांडीचा विषाणू शेळीतून शेळीत, पुन्हा शेळीतून शेळीत असा उतरवत नेला. शेळीच्या अंगात राहून तो गाईसाठी सौम्य झाला आणि त्याचीच लस झाली. पुढं जपानी शास्त्रज्ञ नाकामुरा यांनी हेच सशांतून उतरवून केलं. १९५४मध्ये देशभर मोहीम सुरू झाली. २००६मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला, २०११मध्ये सगळं जग. माणसांच्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसलेला हा दुसरा रोग, आणि त्याच्या सुरुवातीला शेळी उभी आहे. हे मी टपरीवर सांगितलं तेव्हा आबांनी माझ्यासाठी दुसरा चहा सांगितला. मी त्यांच्या घरचं काही चांगलं सांगितल्यासारखे त्यांचे डोळे झाले होते.

बोलण्यात ससा आला म्हणून आबांनी विचारलं, सशाला असला रोग होतो का. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला संध्याकाळपर्यंतचा वेळ लागला, कारण ते उत्तर एका बेटावर जाऊन येतं.

आटपाडीला लागून जंगलाचा एक तुकडा आहे. २०२३मध्ये त्याला संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली. साडेनऊ चौरस किलोमीटरच्या आसपासचा. भोवती गावं आणि रानं, मध्ये हा झाडोरा. लांडगा, कोल्हा, ससे. आबांची पालं त्या बाजूलाच पडली होती, म्हणून दिवस कलताना मी त्यांच्याबरोबर चालत गेले. एका तरवडाखालून ससा उठला, दोन उड्या मारून थांबला, कान उभे करून आमच्याकडे पाहिलं आणि दिसेनासा झाला. आपला रानससा बीळ खणत नाही, गवतात दबा धरून बसतो. ऑस्ट्रेलियाच्या गोष्टीतला ससा वेगळा. तो बिळात राहणारा, कळपानं वाढणारा. १८५९मध्ये एका जमीनदारानं शिकारीसाठी इंग्लंडातून थोडे ससे आणून सोडले. काही दशकांत ते कोट्यवधी झाले आणि मेंढ्यांचं गवत खाऊन माळ उघडे करू लागले.

त्यांना मारायला रोग शोधला गेला. मिक्सोमा नावाचा विषाणू, तोही देवीच्याच कुळातला, लम्पीचा लांबचा नातेवाईक, आणि त्याच्यासारखाच चावणाऱ्या किड्यांच्या तोंडावरून जाणारा. १९३०च्या दशकात त्याची चाचणी दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ वॉर्डांग नावाच्या छोट्या बेटावर घेतली. तिथं रोग पसरलाच नाही. त्याला नेणारे किडे पुरेसे नव्हते. पुढं १९५०मध्ये मरे नदीच्या खोऱ्यात सोडला, आणि सुरुवातीला काहीच घडेना. मग जोराचा पाऊस झाला, नद्या भरल्या, डास माजले, आणि नद्यांच्या काठाकाठानं सशांचा खच पडत गेला. पहिल्या फेऱ्यात शंभरातले नव्व्याण्णव मरत. लोकांत घबराट उडाली, की हा माणसालाही होईल. तेव्हा फ्रँक फेनर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तो विषाणू स्वतःच्या अंगात टोचून घेतला आणि माणसाला त्यातून काही होत नाही हे दाखवलं. याच फेनरांनी १९८०मध्ये जिनिव्हात जगाला सांगितलं, की माणसांची देवी संपली. उकिरड्यावर ओतलेल्या दुधाची गोष्ट ऐकताना मला तेच आठवले होते.

आणि मग पुन्हा तेच बेट. १९९५मध्ये सशांच्या दुसऱ्या एका विषाणूची चाचणी वॉर्डांगवर सुरू झाली. चीनमध्ये १९८४मध्ये सापडलेला, ससा दोन-तीन दिवसांत रक्तस्राव होऊन मरतो असा. कुंपणं होती, भोवती समुद्र होता, शास्त्रज्ञांचा पहारा होता. ऑक्टोबरात तो मुख्य भूमीवर पोचला. बहुधा माश्यांनी नेला. कोट्यवधी ससे गेले. एकाच बेटावरून एक रोग हलला नाही आणि दुसऱ्याला समुद्र अडवू शकला नाही. दोन्ही वेळा कौल दिला तो माशी-डासांनी.

आबा ऐकत चालले होते. पालांजवळ आल्यावर कुत्र्यांनी आम्हाला ओळखलं आणि भुंकायचं थांबवलं.

"मेंढरं जगावी म्हणून सशाला रोग सोडला," ते म्हणाले.

"हो."

"मुद्दाम."

"मुद्दाम."

बराच वेळ ते बोलले नाहीत. वाघुरीच्या आत कोकरं ओरडत होती, त्यांच्या आया चरून परतत होत्या, आणि त्या गोंगाटात प्रत्येक कोकरू आपली आई बरोबर शोधत होतं. "लांडगा न्हेतो की आमचं मेंढरू," आबा शेवटी म्हणाले. "न्हेतो त्यो त्याच्या वाट्याचं. त्याला आमी रोग न्हाय घालत." मी त्यांच्याशी वाद घातला नाही. ऑस्ट्रेलियातल्या त्या उजाड माळांचं काय करायला हवं होतं, हे मला ठाऊक नाही. पण ज्या हातांनी जन्मभर कोकरांना देवी येऊ नये म्हणून धडपड केली, त्या हातांना दुसऱ्या जिवाच्या अंगात देवी सोडण्याची कल्पना पेलत नाही, हे त्या अंधारात मला स्पष्ट दिसलं. माझ्या वडिलांनाही ती पेलली नसती.

परतीच्या दिवशी पुन्हा खरसुंडीला गेले. देवळाच्या बाजूला यात्रेची तयारी चालली होती. मांडव, पाण्याच्या टाक्या, लशीचा दाखला आणि कानातला पिवळा बिल्ला नसलेलं जनावर आत सोडणार नाही असं लिहिलेला फलक. आधीच आलेली काही जनावरं निंबाखाली बांधली होती. एका पांढऱ्या खोंडाभोवती गिऱ्हाइकं जमली होती. पूर्वी खोंड घेताना शिंगं बघत, दात बघत, भोवरे बघत, चार पावलं चालवून बघत. आता त्यांतला एकजण पोळीपासून मांडीपर्यंत सगळ्या कातडीवरून उलट्या केसांनी तळहात फिरवत होता. एक चट्टा सापडला. "लम्पीतलं हाय," तो म्हणाला, आणि भाव खाली आला. बरं झालेलं जनावर उलट काटक, त्या रोगाला पुरून उरलेलं. असं जनावर वंशासाठी मोलाचं मानायला हवं असं मला मनापासून वाटतं. बाजाराला अजून तसं वाटत नाही. ज्यांनी ते वाचवायला रात्री जागवल्या त्यांना त्या जागरणाची किंमत उणे होऊन मिळते, आणि हा अन्याय आहे.

मावशींची गाय त्या बाजारात जाणार नव्हती. तिला मागच्या वर्षी कालवड झाली आहे. चीक पाजतानाच मावशींनी डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं, हिला लस कधी. आईची प्रतिकारशक्ती चिकातून वासराला येते, ती काही महिने पुरते, मग टोचायची. त्यांनी महिना बोटांवर मोजून ठेवला आणि त्या आठवड्यात स्वतः दवाखान्यात जाऊन बसल्या.

मी पोचले तेव्हा तिन्हीसांज झाली होती. पाटीत शेणी पेटवून त्यांनी वर निंबाचा ओला पाला टाकला होता. धूर जाळीतून गाळून बाहेर येत होता. "पाणी आलं, बरं झालं," त्या टेंभूच्या पाटाकडं मान करत म्हणाल्या. "पर पाण्यासंगं डास बी आलं. आधी आमच्याकडं डास कुटं हुतं?" बोलता बोलता त्यांचा हात कालवडीच्या अंगावरून फिरत होता. मानेवरून खाली, पोळीवरून, पुढच्या पायाच्या आत, पोटाखालून. रोज संध्याकाळी, २०२२पासून एक दिवस न चुकवता. डोळ्यांना आता कमी दिसतं, पण गाठ आधी बोटांनाच कळते.

"तू बी फिरव," त्या म्हणाल्या. "बापानं शिकवलं असंल."

वडिलांनी शिकवलं नव्हतं. मी कालवडीच्या कानामागून सुरुवात केली. तिचं अंग उबदार होतं, केस इतके मऊ की बोटांना आधी कातडीच लागेना. मानेच्या खाली, पोळी सुरू होते तिथं, एक बारीक टणक गाठ लागली. हरभऱ्याएवढी. माझा हात तिथंच थांबला. मावशींनी तो थांबलेला पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. काही न बोलता त्यांनी माझी बोटं बाजूला केली, स्वतःची तिथं ठेवली. चिमटीत धरलं. हलवलं. मग अंगठ्याच्या नखानं खालून उचकटून काढलं आणि तळहातावर घेऊन दिव्याच्या उजेडात धरलं.

"गोचीड हाय," त्या म्हणाल्या.

ती त्यांनी शेणीच्या निखाऱ्यावर टाकली. चटकन आवाज झाला. आणि त्या पुन्हा पहिल्यापासून, कानामागून, हात फिरवायला लागल्या.